गंडागाय : नदीने उठवलेले गाव

सिडनीहून मेलबर्नकडे निघालेला ह्यूम महामार्ग सुमारे ३९० किलोमीटरवर मरमबिजी नदी ओलांडतो. तिथे गंडागाय नावाचे दोनेक हजार वस्तीचे गाव आहे. नकाशा उघडला की त्याची ठेवण चटकन नजरेत भरते. अर्धे गाव उत्तरेच्या टेकडीला टेकलेले, अर्धे दक्षिणेच्या. आणि मधली नदीकाठची सपाट, सुपीक, पाण्याला जवळची जमीन मोकळी. तिथे कुरणे आहेत, खेळाची मैदाने आहेत, गुरे चरतात, पण घरे नाहीत. गाव वसवणारा कोणीही पहिल्यांदा हीच जागा निवडेल. गंडागाय वसवणाऱ्यांनीही हीच निवडली होती. ती सोडून गाव टेकडीवर का गेले आणि या जाण्याची आठवण पुढे कशी हरवली, कशी सापडली, याचा माग काढायचा तर आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल. खरे तर त्याहूनही पुष्कळ मागे.

मरमबिजीचे हे खोरे विराजुरी लोकांचे. न्यू साउथ वेल्सच्या मध्यभागातल्या तीन मोठ्या नद्यांच्या काठाने त्यांचा मुलूख पसरला होता आणि गोरा माणूस इथे येण्यापूर्वी हजारो वर्षे ते या नद्यांच्या सोबतीने राहत आले होते. नदीला उतार कुठे आहे, मासे कुठे लागतात, डोंगरात बर्फ वितळले किंवा पाऊस लागून राहिला की पाणी कुठवर चढते, ही माहिती पिढ्यांमागून पिढ्या हातात येत गेलेली. त्यांची होडी एका झाडाच्या सालीची असे. नदीकाठच्या रेड गम वृक्षाच्या बुंध्यावरून दगडी हत्याराने लांबोळकी, अखंड साल सोडवायची. ती ओली असतानाच विस्तवावर धरून शेकायची, म्हणजे कडा वर वळतात. आत आडव्या काटक्या घालून त्या कडा ताणून धरायच्या आणि फटी चिकणमातीने लिंपायच्या. झाड मरत नसे. जिथून साल काढली तिथे लांबट वण राहत असे आणि असे वण असलेली जुनी झाडे त्या प्रदेशात आजही उभी आहेत. होडी हलकी, पाण्याबरोबर लवणारी. वल्हवणारा बहुधा उभा राहून लांब काठीने ती रेटत असे. या होडीकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

१८२४ च्या ऑक्टोबरात हॅमिल्टन ह्यूम आणि विल्यम हॉव्हेल हे दोघे दक्षिणेच्या शोधात निघाले, तेव्हा मरमबिजी दुथडी भरून वाहत होती. गंडागायच्या बऱ्याच वरच्या अंगाला त्यांनी ती ओलांडली, तीही गाडीचा साटा ताडपत्रीत गुंडाळून, त्याची नाव करून. त्याच वर्षी उत्तरेकडे बॅथर्स्ट भागात विराजुरींचा वसाहतवाल्यांशी उघड संघर्ष पेटला होता आणि गव्हर्नर ब्रिस्बेनने तिथे लष्करी कायदा पुकारला होता. नद्यांच्या काठाने गोऱ्यांची गुरे पुढे सरकत होती आणि गुरांमागून त्यांचे मालक. १८२९ च्या अखेरीस कॅप्टन चार्ल्स स्टर्ट मरमबिजीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे निघाला, तेव्हा आजच्या गंडागायच्या आसपास त्याला वॉर्बी आणि स्टकी या कुटुंबांचे गुरांचे तळ आधीच पडलेले दिसले. सरकारने त्याच वर्षी वसाहतीची हद्द आखून दिली होती. एकोणीस परगण्यांच्या पलीकडे कोणी जमीन धरू नये असा हुकूम होता. हे तळ त्या हद्दीच्या बाहेरचे, म्हणजे बेकायदा. पण लोकरीला आणि मांसाला भाव होता, गवत फुकट होते, आणि सिडनी फार लांब होती. १८३६ मध्ये सरकारने हार मानली व वर्षाला दहा पौंड भरणाऱ्याला गुरे चारण्याचा परवाना देऊ केला. त्या गवताचे जे मूळ धनी, त्यांना मात्र यात कोणी काही विचारले नाही.

गंडागाय जन्मले ते या तळांच्या पोटी नव्हे, तर उताराच्या काठी. सिडनीहून पोर्ट फिलिपकडे, म्हणजे पुढे जिथे मेलबर्न उभे राहिले तिकडे, जाणारी वाट इथे नदी ओलांडत होती. नदीला पाणी असले की गाड्या अडत, आणि गाड्या अडल्या की माणसांना जेवण लागते, बैलांना चारा लागतो, चाकाला लोहार लागतो. खानावळ, दुकान, लोहारशाळा अशी नदीकाठी वस्ती जमू लागली. १८३८ मध्ये गावठाणाची सरकारी घोषणा झाली आणि मोजणी होऊन भूखंड पडले. कोणा काव्यप्रेमी अधिकाऱ्याने रस्त्यांना कवी-नाटककारांची नावे दिली असावीत : शेरिडन, बायरन, ऑटवे, होमर, व्हर्जिल. पाठीमागच्या टेकडीला नाव मिळाले पार्नासस, ग्रीकांच्या काव्यदेवतांच्या डोंगराचे. ज्या टेकडीला हे नाव दिले तिच्यावर गाव बसवण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. भूखंड आखले गेले ते खाली, मरमबिजी आणि मॉर्लीचा ओढा यांच्या बेचक्यातल्या सपाटीवर. म्हणजे पूर आला की ओढा मागून भरणार, नदी पुढून, आणि मध्ये सापडलेल्या माणसाला टेकडीकडे जायची वाटच उरणार नाही.

विराजुरींनी इशारा दिला होता, हे गंडागायच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पाणी इथवर येते, हे त्यांना ठाऊक होते. १८४४ मध्ये नदीने ते गावकऱ्यांनाही दाखवले. त्या पुरानंतर रहिवाशांनी सरकारकडे अर्ज केला : सखल भागातले आमचे भूखंड परत घ्या, वरच्या अंगाला बदली जागा द्या. वसाहत सरकारने नकार दिला. जमीन विकत घेतली ती घेतली, असा एकंदर पवित्रा. ज्याने सगळी पुंजी भूखंडात आणि लाकडी घरात घातली होती, तो ती सोडून जाणार कुठे? लोक तिथेच राहिले. पाणी चढले की सामान माळ्यावर टाकायचे, उतरले की गाळ काढायचा, या सवयीवर आणखी आठ वर्षे गेली. मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत दुखणारे पान हेच वाटते. आपत्तीचे कारण निसर्गात शोधण्याची घाई आपण करतो, पण गंडागायच्या बाबतीत ते एका फेटाळलेल्या अर्जात आहे.

१८५२ च्या जूनमध्ये पावसाने धरणे धरले. २४ तारखेच्या रात्री मरमबिजी काठ सोडून गावात शिरली. वस्ती तेव्हा अवघी अडीचशेच्या घरातली. पूर्वीच्या अनुभवाने पुष्कळजण माळ्यावर चढून बसले. पण या वेळी पाणी माळ्यांच्याही वर गेले आणि घरे मुळासकट उचलली गेली. काही जण छपरांवर, काही जण झाडांच्या फांद्यांवर. दक्षिण गोलार्धातला तो ऐन हिवाळा. रात्रभर झाडाला मिठी मारून बसलेल्यांची बोटे बधिर होत आणि माणूस काळोखात खाली पडे. खळाळत्या प्रवाहात झाडांचे ओंडके, मोडकी घरे, मेलेली गुरे वाहत होती. अशा पाण्यात नेहमीची जड नाव घालणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण.

तेव्हा यारी आपली सालीची होडी घेऊन पाण्यात उतरला. विराजुरी जमातीचा हा माणूस जवळच्या एका तळावर काम करीत असे. त्याच्या होडीत त्याच्याशिवाय एकच माणूस मावे. म्हणून एका झाडाशी जायचे, एकाला उतरवून घ्यायचे, काठावर आणायचे आणि पुन्हा परत फिरायचे. अंधारात, थंडीत, प्रवाहाच्या आडव्या माऱ्यातून अशा त्याच्या खेपांवर खेपा चालल्या. आपल्या तुलनेने मोठ्या नावेतून जॅकी जॅकी हा दुसरा विराजुरी माणूस तेच करीत होता. लाँग जिमी आणि आणखी काही विराजुरीही त्यांच्या मदतीला होते. पुढचे दोन-तीन दिवस हे काम चालले. यारीने ४९ जणांना वाचवले आणि जॅकी जॅकीने २० जणांना, असा हिशेब परंपरेने सांगितला जातो. म्हणजे गावातला प्रत्येक तिसरा-चौथा माणूस या दोघांच्या हातून काठाला लागला. किमान ७८ माणसे गेली. काही गणतींत हा आकडा ८९ आहे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदलेल्या इतिहासातल्या सर्वांत जीवघेण्या पुरांमध्ये आजही त्याची गणना होते. सपाटीवरचे गाव जवळजवळ पुसले गेले.

यानंतर तरी गाव लगेच उठले असेल, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. वाचलेल्यांपैकी काहींनी पुन्हा तिथेच आधार शोधला. १८५३ मध्ये नदी परत आली, आदल्या वर्षीपेक्षाही थोडी वर. मग मात्र वाद संपला. उत्तरेकडची वस्ती पार्नाससच्या उताराला चढली, दक्षिणेकडची समोरच्या चढाला, आणि मधली सपाटी कायमची रिकामी झाली. शेरिडन आणि बायरन ही रस्त्यांची नावे माणसांबरोबर वर गेली. यारी आणि जॅकी जॅकी यांना गावाने धातूचे वक्षपट्ट दिले. गळ्यात साखळीने अडकवायचे, चंद्रकोरीच्या आकाराचे. ही प्रथा गव्हर्नर मॅक्वारीच्या काळातली. १८१५ मध्ये त्याने बंगरी या आदिवासी पुढाऱ्याला असा पट्ट दिला होता आणि तेव्हापासून वसाहतवाले आपल्या मर्जीतल्या मूळनिवासी माणसाला तो देत. त्यातला मान खरा, आणि देणाऱ्याचा वरचा हातही तितकाच खरा. कोणाही गावकऱ्याकडून सहा पेन्स मागण्याचा हक्कही त्यांना होता, अशी गावातली आठवण आहे. यारी १८८० मध्ये गंडागायमध्येच वारला. ज्या माणसाने गावचा पाचवा हिस्सा जिवंत ठेवला, त्याला गावात जमिनीचा तुकडा कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

टेकडीवरचे गंडागाय भराभर वाढले. १८५९ मध्ये दगडी न्यायालय उभे राहिले. १८६० च्या सुमारास आसपासच्या डोंगरांत सोने सापडू लागले आणि खाणवाले, व्यापारी, चिनी कामगार, भुरटे असा सगळा गोतावळा या रस्त्याने वाहू लागला. पुढे १८८० च्या दशकात जवळच्या जोन्स क्रीकवर ॲस्बेस्टॉस खणायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियातल्या या धंद्याचा आरंभ तिथलाच. त्याआधी, १८७९ मध्ये, त्या दगडी न्यायालयात अँड्र्यू स्कॉट ऊर्फ कॅप्टन मूनलाइट या दरोडेखोराला उभे केले गेले. वाँटाबॅजरीच्या परिसरात त्याच्या टोळीची पोलिसांशी चकमक झाली होती आणि तीत त्याचा जिवलग साथीदार जेम्स नेस्बिट व एक शिपाई मारले गेले होते. १८८० च्या जानेवारीत सिडनीत त्याला फाशी झाली. नेस्बिटशेजारी मला पुरा, ही त्याची अखेरची इच्छा मात्र ११५ वर्षे पडून राहिली. १९९५ मध्ये त्याचे अवशेष गंडागायच्या दफनभूमीत आणले गेले.

नदीशी गावाने केलेला खरा तह म्हणजे पूल. गाव दोन काठांवर दुभंगलेले, मध्ये पुराची सपाटी, आणि वसाहतीतला सर्वांत महत्त्वाचा रस्ता याच ठिकाणी पाण्यापाशी अडणारा. नुसते पात्र ओलांडून भागणार नव्हते. अख्खी सपाटी ओलांडायची होती. विल्यम बेनेट या अभियंत्याने पात्रावर लोखंडी कैच्यांचा पूल घातला आणि त्याला जोडून उत्तरेच्या टेकडीपर्यंत लाकडी खांबांवरचा लांबच लांब उड्डाणमार्ग नेला. खांबांची बिडाची नळकांडी मिट्टागाँगच्या फिट्झरॉय लोखंड कारखान्यात ओतली गेली, परदेशातून आणली नाहीत, हे त्या काळात विशेष. १८६७ मध्ये वाहतूक सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता; पुलाला त्याचे नाव मिळाले. १८८६ मध्ये कूटामंड्राहून रेल्वे आली. रूळ पुढे टूमटपर्यंत न्यायचे ठरले तेव्हा रेल्वेलाही तीच सपाटी आडवी आली, आणि १९०३ पर्यंत रस्त्याच्या पुलाशेजारी आठशे मीटरहून लांब असा दुसरा लाकडी पूल उभा राहिला. दोन्ही पूल जिथून जात होते, त्या गवताखाली १८५२ पूर्वीचे गाव होते.

पुलावरून आणि पुलाखालून जाणाऱ्या त्या काळच्या जीवनाची चित्रे आपल्याला दिसतात, ती चार्ल्स गॅब्रिएल नावाच्या गावच्या डॉक्टरमुळे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो इथे आला आणि रोगी तपासता तपासता त्याने पूर, मिरवणुका, दुकानाच्या पायऱ्या, खेळणारी मुले यांची छायाचित्रे काढली. त्याच्या शेकडो काचा आज कॅनबेरातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेल्या आहेत. दुसरा असाच वेडा म्हणजे फ्रँक रस्कोनी, संगमरवराचे काम करणारा कारागीर. न्यू साउथ वेल्समधल्या वीस जातींच्या संगमरवराचे २०,९४८ तुकडे हाताने घडवून त्याने एक छोटेखानी मंदिरवास्तू रचली. त्याला २८ वर्षे लागली. गंडागायच्या पर्यटन केंद्रात ती पाहायला मिळते आणि तिच्या बोटभर स्तंभांसमोर उभे राहिले की पाय निघत नाही.

पण रस्कोनीचे नाव झाले ते एका कुत्र्यामुळे. सिडनीच्या वाटेवरचे बैलगाडीवान चिखलात रुतत, तेव्हा त्यांची शिदोरीची पेटी राखत बसलेला कुत्रा, हे त्यांच्या पद्यांमधले जुने पात्र. जुन्या रांगड्या पद्यात हा कुत्रा शिदोरी राखत नव्हता, नासवत होता, असे जाणकार सांगतात. पुढे सभ्य पाठ रूढ झाला आणि कुत्रा स्वामिनिष्ठ ठरला. १९२२ मध्ये जॅक ओहेगनने गंडागायच्या वाटेवरचे गाणे लिहिले, तेही गाव न पाहता, आणि ते देशभर गाजले. १९३२ च्या नोव्हेंबरात, मंदीच्या ऐन भरात, गावापासून पाच मैलांवर रस्कोनीने घडवलेल्या ब्राँझच्या कुत्र्याचे अनावरण पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते झाले. येणाऱ्यांनी टाकलेली नाणी गावच्या रुग्णालयाला जात, हा त्यातला चांगला भाग. वसाहतीच्या काळातल्या वाट काढणाऱ्यांचे, गाडीवानांचे स्मारक म्हणून कुत्रा उभा राहिला, आणि गंडागाय म्हटले की लोकांना तोच आठवू लागला. यारीची होडी मात्र त्या आठवणीत कुठेच नव्हती.

मोटारींचे युग आले तेव्हा गाव पुन्हा आपल्या मूळ धंद्याला लागले : थांबलेल्याला खाऊ घालणे. शेरिडन स्ट्रीटवरचे ग्रीक स्थलांतरितांचे नायगारा कॅफे त्यासाठी प्रसिद्ध. १९४२ च्या एका थंड रात्री युद्धकाळातले पंतप्रधान जॉन कर्टिन सहकाऱ्यांसह तिथल्या स्वयंपाकघरात जेवले, ही गोष्ट गावात अजून कौतुकाने सांगतात. मग १९७७ मध्ये किलोमीटरहून लांब असा शीहन पूल झाला, महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि शतकाहून अधिक काळ गावातून जाणारी रहदारी एका दिवसात बाहेर पडली. १९८४ च्या पुराने रेल्वेमार्ग खचला. तो परत सुरू झालाच नाही. लाकडी पूल कुजत उभे राहिले आणि २०२१ मध्ये रस्त्याचा जुना उड्डाणमार्ग उतरवावा लागला.

रहदारी गेल्यावर गावाला स्वतःकडे पाहायला सवड मिळाली, असे म्हणता येईल. यारीच्या दफनस्थळी खूण झाली, वक्षपट्टाकडे नव्याने पाहिले गेले, विराजुरी वंशज आणि वाचलेल्यांचे वंशज एकत्र बसू लागले. १८५२ च्या पुराला १६५ वर्षे झाली तेव्हा, २०१७ च्या जूनमध्ये, शेरिडन स्ट्रीटवर यारी आणि जॅकी जॅकी यांचे डेरियन पुलेनने घडवलेले ब्राँझ शिल्प उभे राहिले, होडीसकट. पुढच्या वर्षी दोघांना मरणोत्तर राष्ट्रीय शौर्य सन्मान मिळाला. २०२१ मध्ये विराजुरी लेखिका अनिता हाइस यांची या पुरावरची कादंबरी आली आणि तिच्या मुखपृष्ठावर विराजुरी भाषेतलेच नाव छापले गेले. गावच्या स्थापनेच्या नोंदींत पहिली नावे वॉर्बी आणि स्टकी यांची येतात, कारण त्यांची गुरे आधी आली. माझ्या मते ती यादी बदलायला हवी. आज गंडागायमध्ये राहणाऱ्या कित्येक घराण्यांची वंशावळ यारीच्या त्या एका माणसाच्या होडीतून काठाला लागली आहे. संस्थापकांत पहिले नाव त्याचे आणि दुसरे जॅकी जॅकीचे लिहावे.